शिवोलीचा चेंडू आणि गावाचा क्लब

गेल्या आगमनकाळात आमच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत एक साधा विषय निघाला. चर्चच्या मागील बाजूस जांभ्या दगडाच्या गडग्याआड एक मोकळा तुकडा आहे. त्याच्या दोन्ही टोकांस मुलांनी बांबूचे खांब रोवले आहेत. धर्मशिक्षणाचा वर्ग सुटला की तेथे फुटबॉल सुरू होतो, आणि सायंकाळच्या मिस्साच्या वेळी अधूनमधून चेंडू सॅक्रिस्टीच्या दारावर आदळतो. तो तुकडा सपाट करून गाड्या लावण्याची सोय करावी, अशी सूचना पुढे आली. सूचना अवाजवी नव्हती, कारण सणासुदीला रस्त्यावर गाड्या उभ्या राहतात आणि शेजाऱ्यांचा खोळंबा होतो. आम्ही दबक्या आवाजात मुलांची बाजू मांडली. तेव्हा कौन्सिलचे एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्या शब्दाला आमच्याकडे वजन आहे, शांतपणे म्हणाले, "फादर, मुलांनी खेळावे याला आमची ना नाही. पण चर्चचा आणि फुटबॉलचा संबंध काय?"

त्या वेळी आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही. वडीलधाऱ्या माणसाला बैठकीत व्याख्यान देणेही बरे दिसले नसते. म्हणून ते उत्तर येथे सविस्तर देत आहोत. सुज्ञ वाचकांनी ते पाल्हाळ मानू नये.

संबंध आहे, आणि तो तुम्हाआम्हाला वाटतो त्याहून फार जवळचा आहे. आपल्या या किनाऱ्यावर फुटबॉल आणला तो ना व्हाइसरॉयने, ना गव्हर्नरने, ना कोणा व्यापाऱ्याने. तो आणला एका आजारी धर्मगुरूने. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाचे एक ब्रिटिश धर्मगुरू प्रकृतीस आराम पडावा म्हणून बार्देशातील शिवोली गावी येऊन राहिले. शापोरा नदीच्या काठचे हे गाव, संत अंतोनीचे चर्च आणि भोवती माडांची दाटी. हवापालटासाठी आलेल्या माणसाने खुर्ची टाकून नदीकडे पाहत बसावे, असेच ते ठिकाण. पण फादर लायन्स यांचा पिंड शिक्षकाचा होता. त्यांनी मुले गोळा केली, त्यांना शिकवू लागले आणि शिक्षणाचाच एक भाग म्हणून त्यांच्या पायांत चेंडू दिला. पुढे १८८७ साली त्यांनी हडफडे येथे सेंट जोसेफ ही इंग्रजी शाळा काढली. गोव्यातील इंग्रजी शिक्षणाच्या इतिहासात तिचे स्थान अगदी आरंभीचे आहे.

त्या मुलांना इंग्रजी कशासाठी हवी होती, हे समजले तर पुढचा सारा इतिहास उलगडतो. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये एक करार झाला. त्यानंतर मुरगावचे बंदर आणि तेथून घाटावर जाणारा लोहमार्ग यांचे काम निघाले, आणि गोमंतकीयांचे ब्रिटिश हिंदुस्थानात जाणे पूर्वीपेक्षा फार वाढले. घरात खाणारी तोंडे अनेक, शेतीचे तुकडे लहान आणि राज्यकर्त्यांना प्रजेच्या रोजगाराची फिकीर बेताचीच. अशा गावातील तरुणापुढे मुंबईचा रस्ता एवढाच काय तो मोकळा होता. मुंबईत कारकुनी करायची तर इंग्रजी हवी, आणि बोटीवर खलाशी व्हायचे तरी चार इंग्रजी शब्द हवेत. म्हणून शिवोली-हडफड्याच्या शाळांत मुले आली. ती इंग्रजी शिकायला आली आणि जाताना फुटबॉल घेऊन गेली.

इंग्लंडात त्या काळी खेळ आणि धर्म यांची जोडी जमलेली होती. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉलचे नियम ठरले खरे, पण खेळ वाढला तो चर्चच्या सावलीत. पुढे ज्यांचे नाव जगभर झाले असे कित्येक क्लब मुळात प्रार्थनामंदिराच्या तरुण मंडळांतून निघालेले आहेत. ॲस्टन व्हिला १८७४ साली वेस्लियन चॅपलच्या मुलांनी काढला. एव्हर्टनही १८७८ साली मेथडिस्ट मंडळीतूनच उभा राहिला. आम्हां कॅथलिकांना विशेष जवळचा म्हणजे ग्लासगोचा सेल्टिक. १८८७ च्या नोव्हेंबरात ब्रदर वॉल्फ्रिड नावाच्या मारिस्ट बंधूंनी सेंट मेरी चर्चच्या सभागृहात बैठक घेऊन तो स्थापिला. हेतू एवढाच होता, की शहराच्या पूर्व भागातील गरीब आयरिश मुलांच्या जेवणासाठी पैसा उभा राहावा. ब्रदर वॉल्फ्रिड यांनी मुलांच्या पोटासाठी क्लब काढला आणि त्याच वर्षी फादर लायन्स यांनी मुलांच्या भाकरीची सोय व्हावी म्हणून हडफड्यास शाळा काढली. या दोघांची गाठ कधी पडली असेल असे आम्ही म्हणत नाही. तथापि साल एकच आहे, याचे आम्हांस कौतुक वाटते.

या जोडीला दुसरी बाजूही होती, ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. त्या काळच्या इंग्रजी शिक्षणपद्धतीत असा एक विश्वास होता, की मैदानावर घाम गाळल्याने चारित्र्य घडते आणि वसाहतीतील 'नाजूक' मुलांना मर्द करण्याचे काम शिक्षकाने करायचे असते. श्रीनगरच्या मिशन शाळेत १८९१ साली टिंडेल-बिस्को या अँग्लिकन पाद्र्यांनी काश्मिरी ब्राह्मण मुलांपुढे चेंडू ठेवला. तो चामड्याचा आहे हे कळताच मुलांनी त्याला शिवायला नकार दिला. बिस्कोसाहेबांनी शिक्षकांच्या हाती काठ्या देऊन त्यांना मैदानात उतरवले. खेळता खेळता एका मुलाच्या तोंडावर चेंडू बसला, तो विटाळलो म्हणून रडू लागला, तेव्हा त्याला नदीवर नेऊन तोंड धुवायला लावले आणि खेळ पुन्हा चालू झाला. ही हकिकत बहुधा हसत हसत सांगितली जाते. आम्हांला मात्र त्या रडणाऱ्या मुलाची आठवण राहते. शिवोलीच्या मुलांना चामड्याचा विटाळ नव्हता, म्हणून तेथे काठीची गरज पडली नाही. पण 'आम्ही तुम्हांला माणूस करतो' हा सूर फादर लायन्स यांच्या पिढीतील कोणाही गोऱ्या शिक्षकाच्या बोलण्यात थोडाबहुत असणारच. त्यांच्या हातून झालेले काम चांगले होते, एवढ्यावरून तो सूरही चांगला ठरत नाही.

असो. पणजीचा 'बॉईज सोशल क्लब' हा गोव्याचा पहिला फुटबॉल क्लब मानला जातो, आणि त्याच्या पाठीशीही फादर लायन्सच उभे होते. नावात 'फुटबॉल' हा शब्दसुद्धा नाही, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. मुलांनी एकत्र यावे, त्यांना मोकळ्या वेळात धड उद्योग असावा, हा मूळ हेतू, आणि चेंडू हे त्याचे साधन. पुढे हा खेळ गावोगाव नेला तो राशोलच्या सेमिनरीत शिकलेल्या तरुण धर्मगुरूंनी. सेमिनरीत सायंकाळचा तास खेळाचा असतो, हे आम्हांस स्वानुभवाने ठाऊक आहे. आमच्या काळीही घंटा झाली की अर्धा खेळ टाकून, पायांची माती तशीच ठेवून चॅपेलात धावावे लागे आणि गुण किती झाले याचा वाद प्रार्थनेच्या बाकावर खुणांनी चाले. असा माणूस दीक्षा घेऊन एखाद्या खेड्यात सहायक धर्मगुरू म्हणून गेला, तर त्याच्या ट्रंकेत प्रार्थनापुस्तकाबरोबर चेंडूही जाणारच. गोव्याच्या खेड्यांतून फुटबॉल पसरला तो या वाटेने. सरकारी हुकमाची त्याला गरज पडली नाही.

गावचा क्लब म्हणजे काय, हे आजच्या शहरी वाचकाला सांगायला हवे. त्याला इमारत नसे आणि कचेरीही नसे. भाताची कापणी झाली, शेते सुकली, की बांध नसलेला एखादा सखल तुकडा हेच मैदान. जमीन बहुधा कोमुनिदादीची, म्हणजे साऱ्या गावकरीची. पावसाळ्यात तेथे पुन्हा भात. त्यामुळे खेळाचे वर्ष डिसेंबर ते मे, आणि त्याचा मोसम शेताच्या मोसमाला बांधलेला. फेस्ताच्या आठवड्यात शेजारच्या गावाशी सामना. जिंकले तर बॅण्डवाल्यांसह मिरवणूक, आणि हरले तर पंचाची काही खैर नसे. खेळणारे अनवाणी. बूट हा नवसाने मिळणारा जिन्नस होता.

बुटांवरून एक आठवले, ते सांगून पुढे जाऊ. १९११ च्या जुलैत कलकत्त्यास मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटचा २-१ असा पराभव करून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, हे प्रत्येक बंगाली माणसाला पाठ असते. त्या अकरांपैकी दहा जण अनवाणी होते. बूट घालून खेळणारे अकरावे गृहस्थ सुधीर चॅटर्जी ख्रिस्ती होते आणि रेव्हरंड म्हणून त्यांची ओळख राहिली. ते आपल्या पंथाचे नव्हते. तरीही राष्ट्राच्या अभिमानाच्या त्या छायाचित्रात एक पाद्री आहे, हे आपल्या मुलांना सांगायला हरकत नसावी.

तेव्हा गावच्या क्लबात सारे समसमान होते काय? तसे मानणे भाबडेपणाचे होईल. गोव्यातील कॉन्फ्रारिया जातीजातींच्या होत्या. कोणी कोणत्या रंगाचा झगा घालायचा आणि कोणी मिरवणुकीत खूर धरायचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले. वाड्यावाड्यांचे फुटबॉल संघ त्याच मातीत उगवले. एका बाप्तिस्म्याची लेकरे एका चेंडूमागे धावली म्हणून जातीची रेघ पुसली गेली नाही. फार तर ती काही ठिकाणी पुसट झाली, कारण गोल करणारा पाय कोणत्या वाड्यातला, हे विचारण्याइतका धीर शेवटच्या पाच मिनिटांत कोणालाच नसतो. मुलींना तर त्या मैदानावर प्रवेशच नव्हता. १९७० च्या दशकात योलांडा डिसोझा ही गोमंतकीय मुलगी भारताच्या महिला संघातून खेळली, तोवर फादर लायन्स यांच्या चेंडूला नव्वदएक वर्षे होऊन गेली होती.

आता आपण रत्नागिरीकडे येऊ. मुंबईहून पणजीला जाणाऱ्या आगबोटी आपल्या बंदरावर थांबत. बोट आत येत नसे. ती बाहेर समुद्रात उभी राही आणि उतारू पडावातून ये-जा करीत. रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी ती बंदरामागून बंदर घेत खाली उतरे, आणि पावसाळ्यात सारेच बंद. आपल्या भागातील ख्रिस्ती कुटुंबांची मुळे गोव्यात आणि पोट मुंबईत, त्यामुळे या बोटीशी आपले नाते दुहेरी होते. हिवाळ्यात डेकवर वळकटी पसरून निजलेल्या बार्देशकर तरुणांबरोबर आपल्या किनाऱ्यावरचे तरुणही चढत, आणि सारे उतरत भाऊच्या धक्क्यावर.

तेथून त्यांचे पाय वळत ते कुडीकडे. कूड म्हणा की क्लब म्हणा, दोन्ही शब्द रूढ होते. धोबीतलाव, माझगाव, कावेल, डाबूल या भागांत गावोगावच्या कुडी होत्या. धोबीतलावच्या जेर महाल या एका इमारतीतच कितीतरी गावे राहत. भिंतीला लागून पेट्यांची रांग, एका टोकाला गावच्या संताची वेदी, रोज सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरी, महिन्याची किरकोळ वर्गणी आणि बोट मिळेपर्यंत डोक्यावर छप्पर. खलाशी, आचारी, शिंपी, वाजंत्री सगळे तेथे एकाच जमिनीवर निजत. आमच्या मते गोमंतकीय कॅथलिकांनी निर्माण केलेल्या संस्थांमध्ये कुडीइतकी उपयुक्त संस्था दुसरी नाही. तिला कोणा बिशपाने पायाभरणी केली नाही आणि कोणा सरकारने अनुदान दिले नाही. या कुडींनी आपापले संघ उभे केले. गावाचेच नाव, गावाचाच संत, पण मैदान मुंबईचे. शेतातला अनवाणी मुलगा येथे पहिल्यांदा मापलेले मैदान पाहू लागला, शिटीचे नियम शिकला आणि लष्करी पलटणींच्या, कंपन्यांच्या संघांशी भिडला. १८९१ पासून चालत आलेली रोव्हर्स चषक स्पर्धा कूपरेजवर बघायला मिळे. आरंभी ती गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होती. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स संघाने ती मोडली.

याच मुंबईने घडवलेला एक मुलगा म्हणजे नेव्हिल डिसोझा. जन्म १९३२ सालचा, मूळ गाव बार्देशातील आसगाव. टाटा आणि कॅलटेक्स या संघांतून तो खेळला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये १ डिसेंबर रोजी भारताची गाठ यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. भारताने ४-२ असा विजय मिळवला आणि चारांपैकी तीन गोल एकट्या नेव्हिलचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल पुन्हा त्याचाच होता, पण तो सामना भारताने १-४ असा गमावला. तिसऱ्या स्थानासाठी बल्गेरियाशी खेळताना ०-३ अशी हार झाली आणि पदक हुकले. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे प्रत्येकी चार गोल करणाऱ्या तिघांत नेव्हिलचे नाव राहिले. १९८० साली, पन्नाशीही न गाठता तो गेला. आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही एकदा त्याचे नाव विचारले. मेस्सी कोण ते सर्वांना ठाऊक होते. नेव्हिल डिसोझा कोण, हे एकाही मुलाला सांगता आले नाही. दोष मुलांचा नाही, कारण त्यांना ते आम्हीच कधी सांगितले नव्हते.

फोर्तुनातो फ्रँको हे असेच दुसरे नाव. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात ते मधल्या फळीत होते. पुढे ते गोव्याच्या साळगावकर क्लबाकडून खेळले, आणि २०२१ साली निवर्तले.

इकडे गोव्यात पोर्तुगीज सरकारला फुटबॉलचे महत्त्व कळायला अर्धे शतक लागले. १९३९ साली पोर्तुगीज इंडियाची फुटबॉल संघटना स्थापन झाली. पन्नाशीच्या दशकात मात्र लिस्बनचा उत्साह एकाएकी वाढला. कारण उघड आहे. भारत स्वतंत्र झाला होता आणि गोव्याच्या मुक्तीची मागणी जोर धरत होती. १९५५ साली भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सीमेवर सत्याग्रहींवर गोळीबार झाला, गाड्या बंद झाल्या आणि मुंबईतल्या कुडीतला मुलगा व बार्देशातली त्याची आई यांच्यामध्ये सीमा येऊन पडली. त्याच १९५५ साली मोझांबिकच्या लोरेन्सु मार्किश येथील फेरोव्हियारियो हा संघ गोव्यात सामने खेळायला आणला गेला आणि १९६० साली खुद्द लिस्बनचा बेनफिका आला. सारे पोर्तुगाल एकच आहे, हे चेंडूच्या साह्याने पटवून देण्याचा तो प्रयत्न होता. लोकांनी सामने मन लावून पाहिले. मात्र १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज राजवट संपली ती संपलीच. बेनफिकाचा सामना आवडणे म्हणजे सालाझारचे राज्य आवडणे नव्हे, हा भेद सामान्य गोमंतकीयाला नीट कळत होता.

याच दशकात आणखी एक बदल झाला. गावच्या क्लबाच्या दृष्टीने तो राजवट बदलण्यापेक्षाही मोठा होता. युद्धानंतर लोहखनिजाची निर्यात वाढली, बार्जींच्या रांगा मांडवी-जुवारीतून बंदराकडे जाऊ लागल्या आणि खाणमालक गबर झाले. १९५१ साली वास्को शहराचा क्लब निघाला होता. १९५६ साली साळगावकरांचा निघाला. पुढे साठीच्या दशकात धेंपे आले. या क्लबांनी खेळाडूला पगार, नोकरी आणि बूट दिले. मुंबईत टाटा, मफतलाल, महिंद्र यांनी जे केले तेच इकडे खाणींनी केले. गावचा उत्तम खेळाडू शनिवारी आपल्या वाड्यासाठी आणि रविवारी कंपनीसाठी खेळू लागला, आणि काही वर्षांनी फक्त कंपनीसाठी. यात वाईट काय, असे कोणी विचारील. घरची चूल पेटत असेल तर वाईट काहीच नाही. फादर लायन्स यांनी मुलांना पोटासाठीच तर इंग्रजी शिकवली होती.

या पैशाने गोव्याला यश दिले, यात शंका नाही. संतोष करंडक १९८२-८३ साली बंगालबरोबर संयुक्तपणे आणि १९८३-८४ साली एकट्याने, तोही स्पर्धेत एकही गोल न स्वीकारता. त्या संघाचा गोलरक्षक ताळगावचा ब्रह्मानंद शंखवाळकर, ज्याने भारताचेही नेतृत्व केले. चर्चच्या आवारात जन्मलेला खेळ आता चर्चचा राहिला नव्हता. तो साऱ्या गोव्याचा झाला होता, आणि आम्हांस विचाराल तर फादर लायन्स यांना याहून मोठे यश मिळणे शक्य नव्हते. १९८८ साली साळगावकरने फेडरेशन चषक जिंकला. असा मान मिळवणारा तो पहिला गोमंतकीय क्लब. १९९८-९९ साली त्यानेच राष्ट्रीय लीग जिंकली. मग धेंपो, वार्क्याचा चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर यांनी मिळून २००६-०७ ते २०१२-१३ असे सलग सात मोसम राष्ट्रीय अजिंक्यपद गोव्याबाहेर जाऊच दिले नाही. रत्नागिरी जिल्ह्याहून लहान असलेल्या प्रदेशाचा हा पराक्रम आहे.

आणि मग उतार. २०१२ साली गोव्यातील खाणी बंद झाल्या. २०१४ साली शहरांच्या नावांचे, मोठ्या भांडवलाचे नवे संघ घेऊन इंडियन सुपर लीग सुरू झाली. जुन्या लीगला दुय्यम ठरवण्याची योजना पुढे आली, तेव्हा २०१६ साली साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. पाठोपाठ धेंपोही बाहेर पडला. साठ वर्षांचा साळगावकर क्लब पुन्हा गोव्याच्या लीगपुरता उरला. धेंपो मात्र काही वर्षांनी राष्ट्रीय पातळीवर परत आला. मुंबईत महिंद्र संघ २०१० सालीच मोडला होता. मालकाने क्लब काढला म्हणजे मालक तो बंदही करू शकतो. गावचा क्लब बंद करण्याचा अधिकार मात्र कोणा एकाच्या हाती नव्हता. तो बंद पडला तो दुसऱ्या मार्गाने. शेत विकले गेले, मैदानावर इमारत आली, मुले आखातात गेली.

घाटावर कोल्हापुरात वेगळी तऱ्हा आहे, तीही येथे नोंदवतो. आंबा घाट चढून गेले की आपल्याच सिंधुदुर्ग धर्मप्रांताचा तो भाग लागतो. तेथे फुटबॉलचे क्लब तालमींतून निघाले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे मुळात लाल मातीतल्या कुस्तीची, आणि त्याच नावांनी पेठा शाहू स्टेडियमवर एकमेकांना भिडतात. गोव्यात जे चर्चने केले ते तेथे तालमीने केले. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला. कंपनी आली काय नि गेली काय, पेठ आपल्या जागी असते. आम्हांला वाटते, टिकण्याचे मर्म काही असेल तर ते येथे असावे.

हे सारे आम्ही टिपून ठेवले होते. नाताळानंतर एका सायंकाळी ते ज्येष्ठ सभासद घरी आले. मुलांच्या तक्रारीसाठी आले असावेत असे वाटले. त्यांनी पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली एक तसबीर काढली. त्यांचे वडील तरुणपणी धोबीतलावच्या एका कुडीत राहत होते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. तसबिरीत अकरा मुले, दोन ओळींत. पुढच्या ओळीतील एकाच्या पायांत बूट, बाकी सारे अनवाणी. मागे भिंतीवर वेदीचा कोपरा आणि एका खुर्चीवर बसलेले झग्यातले धर्मगुरू. मधल्या मुलाच्या मांडीवर चेंडू आणि त्यावर खडूने लिहिलेले साल, जे आता वाचता येत नाही. डावीकडून चौथा त्यांचा बाप.

आम्ही ती बराच वेळ पाहत राहिलो. चहा झाला. पॅरिशच्या सभागृहात लावण्यासाठी तिची प्रत काढून द्यायचे त्यांनी आनंदाने कबूल केले. उठताना दारात थांबून म्हणाले, "फोटो लावा, फादर. पण फेस्ताला गाड्या कुठे लावायच्या, ते तुम्ही अजून सांगितले नाहीत."

कौन्सिलची पुढली बैठक पास्काच्या सणानंतर आहे.